फिकट जांभळ्या ओळी

एकदा एका वधू-वर सूचक मंडळात मोठा वाद उभा राहिला, आणि नवल म्हणजे तो वाद कोणाच्या लग्नावरून नव्हता. मंडळाची यादी संगणकावरच्या जुन्या प्रोग्रॅममध्येच ठेवावी की नव्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये न्यावी, यावरून होता.

मंडळ तालुक्याच्या गावचं. एका पतपेढीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक संगणक आणि भिंतीला लागून बाकं. रविवारी सकाळी मुलामुलींचे आईवडील येत, संगणकाशेजारी खुर्च्या ओढून बसत आणि यादी वर-खाली करून पाहत. ती यादी बारा वर्षं एका वृद्ध गृहस्थांच्या हाती होती. सारे त्यांना आप्पा म्हणत. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी संगणकावर तक्ता भरायला घेतला तोही नकाशासारखाच. काही ओळी पिवळ्या, काही हिरव्या, काही फिकट जांभळ्या. हे रंग कशाचे, हे त्यांनी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

त्यांच्या हाताखाली ऋता नावाची मुलगी काम शिकत होती. संख्याशास्त्राची पदवीधर, हुशार, आणि जिभेला धार. नोकरी लागेपर्यंत काहीतरी करावं म्हणून ती मंडळात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने त्या तक्त्याला 'आप्पांची रंगपंचमी' असं नाव ठेवलं. आप्पा हसले. रंगांचा अर्थ तिने विचारला नाही. म्हाताऱ्या माणसाला रंग भरायची हौस असते, एवढाच अर्थ तिने लावला होता.

तिला त्याहून खटकत होता तो गुणांचा रकाना. प्रत्येक नावापुढे, यादीतल्या स्थळांशी पत्रिकेचे छत्तीसांपैकी जास्तीत जास्त किती गुण जुळतात तो आकडा; अठराच्या खाली असला तर स्थळ जात नसे. एखादे वडील विचारत, "आप्पा, आमच्या पोरीला दोन वर्षांत एकही स्थळ नाही?" आणि आप्पा चष्मा वर करून म्हणत, "काय करणार, गुण जुळत नाहीत." वडील सुस्कारा सोडून निघून जात. ऋताच्या अंगाचा तिळपापड होई.

"आप्पा, तुम्ही शिकलेली माणसं. मोजणी खात्यात असताना जमिनीचीही पत्रिका पाहायचात काय?"

"जमिनीला गरज पडली नाही," आप्पा म्हणत आणि पुढची ओळ भरत.

गंमत अशी की ऋताचं स्वतःचं नावही त्या यादीत होतं. चार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी नोंदवलेलं. तिलाही चार वर्षांत एकही स्थळ आलं नव्हतं, कारण गुण जुळत नव्हते. ती मैत्रिणींना हसून सांगे की निदान या अंधश्रद्धेने माझं तरी भलं केलं.

नव्या प्रोग्रॅमची कल्पना तिचीच. जुन्यात एकाच संगणकावर बसावं लागे, फाइल मध्येच अडके, आणि स्थळं डोळ्यांनी शोधावी लागत. नव्यात वय, उंची, शिक्षण, गाव भरलं की जोड्या आपोआप समोर येत आणि एका टिचकीसरशी दोन्हीकडच्या फोनवर जात. एखादा रकाना ठरावीक माणसांनाच दिसेल असाही ठेवता येई. अध्यक्षांना ते फार आवडलं. त्यांनी ऋताला सांगितलं, "तू बदलून दाखव, मग कायमचं ठरवू."

आप्पा एवढंच म्हणाले, "थोडं थांब. सोमवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळा उघडला की शेजारी बसू, एकेक ओळ नेऊ."

चौदाशे ओळी, एकेक. वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या 'थोडं थांब'चा अर्थ ऋता लहानपणापासून जाणून होती. त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो, फक्त तो म्हणायची हिंमत नसते. ती मान डोलावून गप्प बसली आणि मंगळवारी सकाळी कामाला लागली.

दोन दिवसांत यादी नव्या प्रोग्रॅममध्ये आली. मजकूर तेवढा आला, रंग मागे राहिले. तिला बरंच वाटलं. गुणांचा रकाना तिने स्वतःच्या हाताने काढून टाकला, आणि तो काढताना तिला एखादी जुनी खिडकी फोडून उजेड आत घेतल्यासारखं वाटलं. आणखी एक गोष्ट तिने केली. यादी नेण्याआधीच जुन्या तक्त्यातून स्वतःची ओळ काढून बाजूला ठेवली होती. उगाच कोणी यायचं बघायला.

गुरुवारी दुपारी चौऱ्याऐंशी घरी स्थळं गेली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन अध्यक्ष स्वतः जिना चढून आले.

पुढच्या सोमवारी दुपारी एक मुलगी दारात उभी राहिली. खांद्याला कॉलेजची पिशवी, तोंड उन्हाने लाल.

"आप्पा आहेत?"

"त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. बोला ना, आता मीच पाहते सगळं."

"मग राहू दे."

"अहो, बसा तरी. नाव काय तुमचं?"

"प्रणाली."

ऋताने यादीत नाव शोधलं आणि तिचा चेहरा उजळला. "अरे वा. तुमचं तर जुळलंय. इंजिनिअर, स्वतःचं घर. येणार आहेत ना?"

"रविवारी बघायला येणार आहेत. बाबांनी पोह्यांसाठी शेंगदाणेसुद्धा आणून ठेवलेत."

"अभिनंदन."

प्रणाली तिच्याकडे पाहतच राहिली. "ताई, मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा जूनमध्ये. त्यांना लग्न मेमध्ये हवंय आणि सून घरी राहणारी हवी आहे. बाबा हो म्हणून मोकळे झालेत."

"मग तुम्ही स्पष्ट नाही सांगायचं," ऋता म्हणाली. हा तिचा आवडीचा विषय होता. "आपणच तोंड उघडलं नाही तर कसं चालेल? नाही म्हणायला काय लागतं?"

"तुमच्या घरी काही लागत नसेल."

ऋताने माउसवरचा हात काढून घेतला.

"मी नाही म्हटलं होतं," प्रणाली हळू आवाजात म्हणाली. "बाबांना नाही, आप्पांना. बाबा झेरॉक्स काढायला खाली गेले होते तेव्हा. आप्पा म्हणाले, नाव यादीत राहील, पण जागचं हलणार नाही. तू शीक. दोन वर्षं ते हललं नाही. परवा कसं हललं?"

"प्रोग्रॅम बदललाय ना," ऋता म्हणाली. "त्यात काहीतरी झालं असेल."

प्रोग्रॅममध्ये काही झालं नव्हतं. त्याला जे सांगितलं ते त्याने चोख केलं होतं. हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच ऋताला कळलं की ती आपली चूक एका यंत्राच्या अंगावर ढकलते आहे. प्रणाली जिना उतरून गेली तेव्हा तिने जुनी फाइल उघडली. प्रणालीची ओळ फिकट जांभळी होती. पुढे गुण अकरा. खाली आणखी एक जांभळी, गुण नऊ. आणखी एक, गुण बारा. मोजत गेली तर एकतीस ओळी जांभळ्या निघाल्या, त्यांत चार मुलगेही होते, आणि एकाही ओळीत गुण बाराच्या वर नव्हते. तिने परवाच्या यादीशी त्या ताडून पाहिल्या. एकतिसांपैकी एकोणीस घरी तिने स्थळं पाठवली होती.

ज्या माणसाला ती वर्षभर पत्रिकेवरून टोमणे मारत होती, त्याने पंचांग उघडलंच नव्हतं. ती अंधश्रद्धा नव्हतीच. ती कडी होती, एकतीस जणांच्या दारांना आतून लावलेली, आणि ती कडी तिने सुधारणा म्हणून काढून फेकली होती.

आप्पा घरी काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते.

"कोण, ऋता? आज चपलांचा आवाज हळू आला."

"आप्पा, फिकट जांभळा म्हणजे काय?"

ते आरामखुर्चीत सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "म्हणजे गेली स्थळं. किती?"

"एकोणीस." तिने सगळं सांगितलं. सांगताना ती उभीच होती, बसायचं तिला सुचलं नाही. शेवटी म्हणाली, "मी आत्ताच प्रणालीच्या वडिलांकडे जाते. खरं काय ते सांगून मोकळी होते."

"काय सांगशील?"

"की तिला लग्न नको होतं, तिने तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं आणि मी—"

"म्हणजे त्या पोरीने दोन वर्षं जे जपलं ते तू दोन मिनिटांत तिच्या बापापुढे मांडणार. ते कोणासाठी? तुला हलकं वाटावं म्हणून?"

ऋता खाली बसली.

"कागद घे," आप्पा म्हणाले. "मी सांगतो ते लिही."

त्यांनी पत्र सांगितलं. मंडळाच्या यादीत नोंदी चुकल्या असून गेल्या गुरुवारी पाठवलेली सर्व स्थळं मंडळ मागे घेत आहे. प्रत्येक उमेदवाराशी मंडळ आधी स्वतः बोलेल आणि मगच स्थळ पाठवेल. ही चूक माझी आहे, मी सर्वांची क्षमा मागतो. खाली सहीसाठी त्यांनी हात पुढे केला.

"चौऱ्याऐंशी घरी धाडायचं."

"आप्पा, चूक एकोणिसांचीच झालीय. बाकीचे लोक खूश आहेत. आणि चूक माझी, मग सही तुमची का?"

"तू फक्त धाड."

तिला ते कळलं नाही, पटलं तर मुळीच नाही. तरी तिने पत्र धाडलं. आणि पुढचे चार दिवस मंडळाचा फोन शिव्या खात राहिला. कोणाचं ठरत आलेलं फिसकटलं, कोणाचे पाहुणे परत फिरले. बाजारात लोक म्हणू लागले की म्हाताऱ्याला दिसेना झालंय, तरी खुर्ची सुटत नाही. हे भाजी घेताना ऋताने स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि तिथे उभं राहून 'ते नाही, मी' एवढे तीन शब्द तिला म्हणता आले नाहीत. पिशवीत काय घेतलं हेही तिला घरी जाऊन पाहावं लागलं.

प्रणालीचा रविवार टळला. मंडळाचाच भरवसा नाही म्हणून मुलाकडचे लोक मागे फिरले. इतर सतरा ठिकाणीही हळूहळू निवळलं. पण एके ठिकाणी पत्र पोचण्याच्या आदल्या दिवशीच सुपारी फुटली होती. नातेवाइकांसमोर साखरपुड्याची तारीख धरली गेली होती. त्या घरच्या मुलीच्या वडिलांनी फोन करून सांगितलं, "तुमचं पत्र आलं, पण आमचं उत्तम जुळलंय. मागे कसलं घेता?" आप्पांनी विचारलं, "मुलीशी बोलू का?" वडील म्हणाले, "ती खरेदीला गेलीय."

पंधरवड्याने मंडळाची बैठक भरली. अध्यक्षांनी जाहीर केलं की झालं ते पुरे, परत जुन्या प्रोग्रॅमकडे जायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऋता उठून उभी राहिली. "मलाही तेच वाटतं. जुनंच बरं होतं. चूक माझी होती, आप्पांची नव्हती." हे तिने एकदाचं सांगितलं, पण चूक नेमकी कोणती ते सांगता येत नव्हतं, त्यामुळे लोकांना तो नुसता मुलीचा विनय वाटला.

"नव्यातच ठेवा," आप्पा म्हणाले. "आणि यादी आजपासून ऋताकडे."

मंडळाचं हसं झालं ते ज्यामुळे, तेच ठेवायचं? पण आप्पांपुढे बोलायचं कोणी? ठराव झाला. माणसं चहा पिऊन गेली, आणि दोघंच उरली तेव्हा ऋता म्हणाली, "आता तरी सांगा. चौऱ्याऐंशी का? तुमची सही का? आणि हा प्रोग्रॅम का, ज्याने हे सगळं केलं?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. शस्त्रक्रियेचा डोळा अजून लालसर होता.

"एकोणीसच पत्रं गेली असती तर तो एकोणीस घरांचा नकाशा झाला असता. गाव लहान आहे. कोणाकोणाला पत्र आलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, आणि आपल्या मुलीनेच काहीतरी सांगितलंय हे बापांना. चौऱ्याऐंशींच्या गर्दीत त्या एकोणीस लपल्या. सही माझी, कारण म्हातारा चुकला यावर लोक लगेच विश्वास ठेवतात, कोणी खोलात जात नाही. म्हातारपणाचा तेवढा उपयोग आहे."

"आणि प्रोग्रॅम?"

"जुन्यात ते गुपित माझ्या एकट्याच्या डोळ्यांत होतं. डोळा आठ दिवस मिटला तर काय झालं ते पाहिलंस. तू म्हणत होतीस, नव्यात एक रकाना फक्त दोघांनाच दिसेल असा ठेवता येतो. तो हवा आहे मला. हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

ऋता मान खाली घालून टेबलाची कड खरवडत होती. "तुम्ही मला रंगांचा अर्थ आधीच का नाही सांगितला?"

"हे तू विचारलंस ते योग्यच, आणि मला उत्तर देताना लाज वाटते," आप्पा म्हणाले. "लिहून ठेवता येत नव्हतं; आईबाप शेजारी बसून पाहतात. पण तुला सांगता येत होतं. मी म्हटलं, हुशार पोरगी आहे, बघू कधी विचारते. वर्षभर वाट पाहत बसलो. तू रंगपंचमी म्हणून हसायचीस आणि मला त्यातही मौज वाटायची, की हिला काही ठाऊक नाही. तुझं न विचारणं आणि माझं न सांगणं, दोन्ही एकाच मापाचा गर्व. आपल्या दोघांचं काय गेलं? गेलं ते त्या मुलीचं."

ऋताने चहाचे कप गोळा करायला घेतले.

"एक विचारू?" आप्पा म्हणाले. "जोड्या लावण्याआधी तू तुझी स्वतःची ओळ काढून ठेवलीस."

"हो."

"त्या ओळीचा रंग कोणता होता?"

ऋताने वर पाहिलं. तिला तो रंग आठवत होता. तिने तो पाहिला होता, छान दिसतोय असंही मनात आलं होतं, आणि ओळ उचलून तिने बाजूला ठेवली होती.

"तुझे वडीलही झेरॉक्स काढायला खाली गेले होते," आप्पा म्हणाले. "माझ्यासमोर तू हाताची घडी घालून उभी होतीस. म्हणालीस, तुम्ही लोक मुलींचं दुकान मांडून बसलायत. मला लग्न करायचं नाही, पण तुम्हाला सांगून काय उपयोग?"

ते एवढंच म्हणाले. पुढे त्यांनी काही बोलावं, रागवावं, असं ऋताला फार वाटत होतं. त्यांनी काठी उचलली आणि ते जिन्याकडे वळले. चार वर्षं जी मोकळीक तिने आपल्या करारी स्वभावाची कमाई म्हणून मिरवली, ती एका म्हाताऱ्याने दर रविवारी तिच्या बापापुढे खोटं बोलून तिला दिली होती. आणि स्वतःसाठी जे दार तिने इतक्या सहज ओढून घेतलं, ते दुसऱ्या कोणाला हवं असेल का, हा प्रश्न तिला शिवलाही नव्हता.

सुपारी फुटलेल्या त्या मुलीचं लग्न मेमध्ये झालं. लग्नपत्रिकेत मंडळाचे मनःपूर्वक आभार मानले होते. आप्पा आणि ऋता दोघंही गेली. ऋता निघताना म्हणाली होती, "मला नाही येववत." आप्पा म्हणाले होते, "म्हणूनच चल."

स्टेजवर रांग होती. नवरी सगळ्यांना नमस्कार करत होती, फोटोसाठी हसत होती. आप्पांसमोर ती वाकली आणि उठताना, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "शेवटी जुळले म्हणायचे गुण, आप्पा."

आप्पांनी हात जोडले. तिच्या डोळ्यांत राग होता की नुसतंच हसू, हे ऋताला ओळखता आलं नाही, आणि आपल्याला ते विचारायचा हक्क उरलेला नाही, एवढं मात्र पुरतं कळलं. ज्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही ते निरर्थक, असं धाकट्यांनी ठरवू नये. आणि ज्यांना अर्थ ठाऊक आहे त्यांनी कोणी विचारायची वाट पाहत बसू नये.

ऋता आता स्थळ पाठवण्याआधी प्रत्येकीला आणि प्रत्येकाला स्वतः फोन करते. लग्न ठरलं की यादीतून ओळ काढून टाकायची असा मंडळाचा नियम आहे, आणि तो ती पाळते. एक ओळ तेवढी, त्या नवरीची, तिने काढलेली नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये, फक्त दोघांनाच दिसते अशी, ती अजून तिथे आहे, फिकट जांभळी.